तीन भेटी

'बंद' या शब्दावरचा अनुस्वार सदतीस ओळींत सदतीस वेळा अगदी एकाच जागी पडला होता: शिरोरेषेच्या वर फार तर एक मिलिमीटर, आणि 'ब'च्या काठीपासून जरासा उजवीकडे. अक्षरांचा उतार सारखा, दाब सारखा, दोन शब्दांमधलं अंतर सारखं. नोटिशीसोबत आलेली झेरॉक्स फिकट निघाली होती, तरी हे लपत नव्हतं.

चारुलतानं तो कागद स्टाफरूमच्या खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. सत्तावीस वर्षं ती शाळेत विज्ञान शिकवत होती. भिंगाचं नाभीय अंतर काढायच्या प्रयोगात एखाद्या मुलानं पाचही वेळा १०.२ सेंटिमीटर लिहून आणलं, की ती वही मिटून त्याच्या हातात परत द्यायची. "भिंग एवढं शहाणं नसतं, बाळा. खरोखर मोजलं की थोडं इकडंतिकडं होतंच." वर्गात हशा पिकायचा आणि मुलगा कान पाडून पुन्हा मेणबत्ती पेटवायला जायचा.

आता हातातल्या तक्त्यात तिची स्वतःची सदतीस वाचनं होती. 'घर बंद. शेजारी चौकशी. कायम स्थलांतर.' पुढं भेटीच्या तारखांचे तीन रकाने: अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीस एप्रिल. खाली बीएलओ म्हणून तिची सही, आणि पंच म्हणून वाघखेड्याचा कोतवाल छगन याची.

बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम तिच्याकडं सहा वर्षं होतं. यादीत ज्यांची नावं आहेत ती माणसं त्या त्या घरी राहतात का, हे दारोदार जाऊन पाहायचं. घराला कुलूप दिसलं तर लगेच काही लिहायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, आणि मगच माणूस गेला असं म्हणायचं. या तक्त्यावरून वाघखेड्याच्या पाटचारीवरच्या वस्तीतली सदतीस नावं मतदार यादीतून वगळली गेली होती. कुंदाबाई रुपचंद सपकाळे आणि इतरांनी तक्रार केली होती, की आम्ही गाव सोडलेलं नाही, कोतवालानं कोणाच्या तरी सांगण्यावरून खोटी साक्ष दिली. गुरुवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीत सुनावणी. चारुलतानं हजर राहायचं होतं.

छगननं कोणाच्या सांगण्यावरून काही केलं नव्हतं. हे दोनच माणसांना माहीत होतं, एक छगन आणि दुसरी ती.

झालं होतं ते असं. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला, पारा चव्वेचाळीसवर असताना, ती आणि छगन पाटचारीच्या छोट्या पुलापर्यंत गेले होते. पुलावरून वस्ती दिसत होती. केळीच्या बागांच्या कडेला मालकांनी वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. पुढच्या तीन दारांना कुलपं दिसली. त्यामागची दारं दिसत नव्हती. छगननं तोंडाभोवती हात धरून दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

"बाग कापली मॅडम," तो म्हणाला. "आन आखाजी आली. सालदारकी बी आताच बदलते. आता कोनी सापडाचं नाई तुमाले."

आता कोणी सापडणार नाही, एवढंच तो म्हणाला होता. ते खरंही होतं. अख्ख्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका माहेरी जातात, लेकरं सोबत जातात, पुरुष तेवढ्यात जुन्या मालकाचं साल संपवून नव्या मालकाशी बोलणी करतात. एका मळ्यातली खोली सुटते आणि दुसऱ्या मळ्यातली मिळते, त्याच शिवारात, हाकेच्या अंतरावर. चारुलताला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची बॅग घरी भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती धुळ्याला माहेरी गेली, आणि तक्ता सोबत नेला, कारण तो सोमवारी जमा करायचा होता.

आखाजीच्या दुपारी, देवपुरातल्या घराच्या ओट्यावर बसून तिनं सदतीस ओळी भरल्या. आमरसाचं जेवण झालं होतं. समोरच्या कडुलिंबाला झोका बांधलेला होता आणि गल्लीतल्या माहेरवाशिणी त्यावर बसून गाणी म्हणत होत्या. पहिल्या ओळीशी ती थांबली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. दुसऱ्या ओळीशी थोडी कमी थांबली. दहाव्या ओळीनंतर हात आपोआप चालू लागला. सोमवारी परत आल्यावर शाळेच्या फाटकात तिनं तक्ता छगनपुढं धरला. त्यानं पेन कुठं टेकवायचं तेवढं विचारलं.

बाकीची तीनशे ऐंशी घरं तिनं पायी फिरून नीट तपासली होती. त्यात एक चूक कोणी काढली नसती. स्वतःशी वाद घालताना ती हा आकडा पुढं करायची, आणि मग तिलाच तो ओशाळवाणा वाटायचा. तीनशे ऐंशी वेळा बरोबर मोजलं म्हणून सदतीस वाचनं मनानं लिहायची मुभा तिनं कुठल्याही मुलाला दिली नसती.

डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. मतदान केंद्राबाहेर मंडपाखाली टेबल टाकून, यादी घेऊन चारुलताच बसली होती. लोक यायचे, नाव सांगायचे, ती अनुक्रमांक सांगायची. नऊच्या सुमारास कुंदाबाई आली. अंगावर ठेवणीतली हिरवी साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मतदार ओळखपत्र. मागं वस्तीतल्या सात-आठ बाया.

नाव सापडलं. त्यावर 'वगळले' असा तिरपा शिक्का होता.

"तुमचं नाव यादीत नाही," चारुलता म्हणाली.

"नीट पाहा ना, मॅडम. मागच्या खेपेले होतं. तुमीच तं चिठ्ठी देल्ती."

"नाव कमी झालंय. स्थलांतरित म्हणून."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही गाव सोडून गेलात, असं लिहिलंय."

शेजारी उमेदवारांची माणसं उभी होती. त्यांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "कुंदाबाई, तू सुरतले गेली ना व! कागदावर लिहेल आहे. आता परत कायले आली?"

"सुरतले गेली आस्ती तं हीच साडी नेसून आली आस्ती का रे, मुडद्या?" कुंदाबाईनं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. लोक हसले. तीही हसली. मग टेबलावर दोन्ही हात टेकून खाली वाकली. "मॅडम, रेशनच्या मशिनीवर अंगठा लावाले मी अठी. लेकराईले डोस पाजाले मी अठी. अन मत द्याच्या दिशीच मी कोठी गेली म्हने?"

चारुलताच्या हातात पट्टी होती. यादीवर ओळ चुकू नये म्हणून ती नेहमी पट्टी ठेवायची. ती पट्टी तिनं कुंदाबाईच्या नावाखाली सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म भरून द्या," ती म्हणाली. "पुढच्या वेळी येईल नाव."

त्या बाया लगेच गेल्या नाहीत. शाळेच्या कुंपणाला टेकून, उन्हाकडं पाठ करून दीडेक तास बसून राहिल्या. कोणी तरी येईल, काही तरी चूक दुरुस्त होईल, अशी त्यांची समजूत असावी. कोणी आलं नाही. त्या उठून जाईपर्यंत चारुलतानं एकदाही मान वर केली नाही. दुपारी तिला स्वतःचं मत द्यायला घरी, यावलला, जायचं नव्हतं, कारण तिथं निवडणूक नव्हती. पण ती आयुष्यात एकदाही मतदान चुकली नव्हती. दरवेळी सकाळी सातला रांगेत पहिल्या पाचांत. याचा तिला अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की आपण जिथं राहतो तिथंच राहतो, हे आपल्याला कोणी कधी सिद्ध करायला लावलेलं नाही. महिनाभर कुलूप लावून ती मुलाकडं पुण्याला राहून आली होती. तिचं नाव कोणी काढलं नव्हतं.

त्या प्रभागातली जागा एकोणीस मतांच्या फरकानं ठरली. चारुलतानं आकडेमोड सुरू केली: सदतीसांतले तीस आले असते, त्यांतल्या पंचविसांनी एका बाजूला दिलं असतं तर... मग तिनं पेन ठेवून दिलं. त्या बायांनी मत कोणाला दिलं असतं, दिल्यानं काय बदललं असतं, हे मोजायचं तिला कारणच नव्हतं. तो सगळा त्यांचा कारभार होता. त्यांनी मत वाया घालवलं असतं, तरी ते वाया घालवायचा हक्क त्यांचा होता.

जानेवारीत एका रविवारी ती स्कूटीवरून एकटीच वाघखेड्याला गेली. सांगायचं ठरवून गेली. पुलाशी गाडी लावली आणि वस्तीच्या पहिल्या दारापर्यंत पावलं मोजली. दोनशे बारा.

कुंदाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं पोतं झटकून बसायला दिलं, आतून पाण्याचा तांब्या आणला.

"फॉर्म भरला का?" चारुलतानं विचारलं.

"कसा भरू? राहता पत्ता लिहून दे म्हनतात मालकाकडून. मालक म्हनतो, आज पत्ता लिहून देला तं उद्या खोलीवर हक्क सांगसान. सदतीस जनाईची हीच गत." शेंगा सोलता सोलता ती बोलत होती. "एक वकीलसाहेब म्हने, नाव काढलं हेच चुकीचं होतं असं ठरलं, तं फॉर्म नाई लागत. सारे नावं एका झटक्यात परत येतात. म्हनून अर्ज देला. त्या छगननंच केलं हे. आमी आठ रोज माहेरी गेल्तो, तं त्यानं आमाले गावाबाहेर काढलं. तुमाले बी फसवलं त्यानं."

"मला?"

"नाई तं काय! तुमी भरोसा ठेवला त्याच्यावर. तुमचा काय दोष?"

शेंगेतून चार दाणे सुपात पडले. चारुलतानं तोंड उघडलं. तेवढ्यात कुंदाबाईनंच विचारलं, "तुमी बी जात असान ना आखाजीले माहेरी?"

"हो. धुळ्याला."

"जावंच, माय. वर्साचे तेवढेच चार दिस बाईचे."

चारुलता पाणी प्यायली, बरं आहे म्हणाली आणि निघाली. परत येताना तिनं पावलं मोजली नाहीत.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी ती धुळ्याला गेली. आई पुष्पाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या. मुलीचा चेहरा पाहून त्यांनी आधी जेवायला वाढलं आणि मग विचारलं. चारुलतानं सगळं सांगितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून पूर्ण बाहेर आलं, पण आईपाशी; म्हणजे बाहेर आलंच नाही म्हणायचं.

"तू आठेच ओट्यावर बशीसन लिखत व्हती," पुष्पाबाई आठवून म्हणाल्या. "आखाजीले बाया माहेरलेच जातस. हाई तुले सांगनं पडस का व?"

"नाही, आई."

पुष्पाबाईंनी ताटं एकात एक ठेवली. मग काळजीनं म्हणाल्या, "मनं नाव शे ना व यादीमा? मी बी तुन्हाकडे दोन महिना ऱ्हायनू व्हतू."

"आहे, आई. तुझं आहे."

"मंग बरं," असं म्हणून त्यांनी ताटं उचलली. चारुलताला मात्र तो प्रश्न परतीच्या पूर्ण वाटेवर, पार यावलच्या स्टँडपर्यंत पुरला.

बुधवारी चौथ्या तासानंतर छगन शाळेत आला. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून, हातातली टोपी चोळत उभा राहिला. त्याची मुलगी पुनम याच शाळेत शिकली होती. दहावीच्या वर्षी चारुलतानं तिला घरी बोलावून शिकवलं होतं आणि आता ती नाशिकला नर्सिंगला होती.

"मॅडम, उद्या काय सांगू?"

"तुम्ही काय सांगणार आहात, छगनभाऊ?"

"मी काय सांगनार! मी कागद वाचत आस्तो तं कोतवाल काहून ऱ्हायलो आस्तो? तलाठीच झालो आस्तो ना." तो आपल्याच विनोदावर हसला, पण हसणं फार टिकलं नाही. "तुमचा कागद होता. गावात म्हनतात, चारुलता मॅडमचा आकडा चुकत नाई. मी केली सही."

"लोक काय म्हणतात तुम्हाला?"

"वस्तीवरच्या बाया थुंकतात माह्या दारापुढून जाताना. ते जाऊ द्या. तहसीलमधले भाऊसाहेब म्हने, पंचाची साक्ष खोटी निघाली तं कोतवालकी जाईन. बावीस वर्सं झाली, मॅडम."

चारुलता टेबलावरची भिंगं डब्यात ठेवत होती. एकेक फडक्यानं पुसून, एकेक खाचेत.

"जे खरं आहे ते सांगा," ती म्हणाली.

हे वाक्य बाहेर पडताच त्यातली लबाडी तिला कळली. छगननं खरं सांगितलं तर तिला बोलावं लागणार नव्हतं. आणि तो सांगणार नाही, हेही तिला माहीत होतं. दोन्ही बाजूंनी तिचीच सोय होती.

छगननं टोपी चोळायची थांबवली. "मले दोन खरं माहीत हायेत, मॅडम," तो हळूच म्हणाला. "एक कागदावरचं अन एक पुलावरचं. कोनतं सांगू ते तुमी सांगा."

"माझा तास आहे आता," चारुलता म्हणाली.

तिचा तास नव्हता. तो गेल्यावर ती रिकाम्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून राहिली.

गुरुवारी सकाळी जितेंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, चहा बशीत ओतता ओतता विचारलं, "काय सांगणार आहेस?" तो सावद्याहून केळीच्या गाड्या भरून पाठवायचं काम बघत असे आणि कुठलीही गोष्ट गाडी सुटायच्या आत मिटली पाहिजे, असा त्याचा स्वभाव होता.

"अजून ठरलं नाही."

"ठरवायचं काय त्यात? पंचाची सही आहे, कागद पक्का आहे. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुझी. अख्ख्या तालुक्यात कोणता बीएलओ तीन-तीन वेळा गेला असेल ते मला सांग. तूच एकटी कशाला सोवळी होतेस?"

"सोवळी नाही होत. छगनची नोकरी जाईल."

"समज देतील त्याला."

"समज मला देतील, जितेंद्र. कोतवालाला काढतात."

तो बशीवर फुंकर घालत राहिला. मग म्हणाला, "तुला निलंबित केलं तर? चौकशी लागली तर? पेपरात नाव येईल. ज्या गावात तुला बघून माणसं सायकलवरून उतरतात तिथं कसं जाशील?"

ती कप घेऊन बेसिनपाशी गेली. खरं तर तिला भीती वाटत होती ती याचीच. पगाराची नाही, पेन्शनचीही नाही. 'आकडा चुकत नाही' असं म्हणणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत आकडा चुकलेला दिसेल, याची. सदतीस माणसं गावात असून गावाबाहेर झाली, ती तिनं आपल्या या नावासाठी तशीच राहू दिली होती. हे तिनं त्या सकाळी बेसिनपाशी उभी राहून स्वतःला नीट, शब्दांत सांगितलं. आणि तरीही घरातून निघताना ठरलेलं काही नव्हतं.

ग्रामपंचायतीची खोली भरली होती. खिडक्यांच्या गजांना बाहेरून माणसं लटकली होती. मधल्या टेबलामागं नायब तहसीलदार हेमांगी वाघ बसल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज बारीक, पण एकेक शब्द तोललेला. उजव्या बाकावर कुंदाबाई, तिचा नवरा रुपचंद आणि वस्तीतली माणसं. डाव्या बाजूला खुर्चीवर चारुलता. तिला खुर्ची दिली होती. छगन भिंतीशी उभा होता. बाकावर जागा असून त्याला कोणी बस म्हणालं नव्हतं.

हेमांगी वाघांनी तक्ता वाचून दाखवला. मग कुंदाबाईला विचारलं, "एप्रिलच्या शेवटी तुम्ही कुठे होता?"

"आखाजीले माहेरी. धरनगावजवळ. आठव्या दिशी परत आली. विचारा कोनाले बी."

"घराला कुलूप होतं?"

"घरात कोनी नाई, मी माहेरी, मंग कुलूप नाई तं काय दार उघडं टाकून जाऊ?"

मागून कोणी तरी हसलं. हेमांगी वाघ हसल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं. "आणि शेजाऱ्यांकडे चौकशी केली, असं इथे लिहिलंय. तुम्हा कोणाला कोणी विचारलं?"

"कोनी नाई," रुपचंद म्हणाला. तो बाकावरून उठला. "मी तवा मागच्या रांगेत, शेजाऱ्याच्या खोलीत होतो. तापानं पडेल होतो. दार उघडंच होतं तिचं. कोनी आलं नाई, बाईसाहेब."

चारुलतानं मान खाली घातली. पुलावरून तीन दारं दिसली होती. त्यामागं कुठं तरी एक दार उघडं होतं आणि आत माणूस होता. दोन हाका त्याच्यापर्यंत पोचल्याही असतील. तापातल्या माणसानं त्यांना ओ दिली नाही, एवढंच.

"कोतवाल," हेमांगी वाघ म्हणाल्या, "पुढे या. ही सही तुमची?"

"माहीच."

"तीन वेळा तुम्ही वस्तीवर गेलात, चौकशी केलीत, आणि माणसं कायमची गेली असं तुम्हाला कोणी सांगितलं. कोणी सांगितलं?"

छगननं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"तीनदा गेलात ना?"

"गेलो म्हना."

"म्हना म्हणजे?"

"म्हंजे... सही माही आहे, तं गेलोच असन."

"खोटारड्या!" कुंदाबाई ताडकन उठली. "कोनाचं मीठ खाल्लं रे तू? आमी तुह्या पोरीच्या लग्नात पोळ्या लाटाले येनार होतो रे!"

"कुंदाबाई, बसून घ्या," हेमांगी वाघ म्हणाल्या. मग छगनकडं वळल्या. "हे बघा, खोटी साक्ष दिली असेल तर आत्ताच सांगा. तुमचं म्हणणं मी लिहून घेतेय. लिहू का, की तीनदा गेलो आणि घरं कायमची रिकामी होती?"

पेनाचं टोक कागदावर टेकलं. ते वाक्य एकदा लिहिलं गेलं, की तक्ता खरा ठरला असता, सदतीस जण नव्या फॉर्मसाठी पुन्हा मालकांच्या दारात उभे राहिले असते आणि खोटं ठरलंच तर ते छगनचं ठरलं असतं. कसंही झालं तरी चारुलता त्या खुर्चीवरून उठून शाळेत जाऊ शकली असती.

छगननं तिच्याकडं पाहिलं नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होता.

"लिहा, साहेब," तो म्हणाला. "मीच सांगतलं मॅडमले, लोकं गेले म्हनून."

चारुलता उठली तेव्हा खुर्ची मागं सरकून भिंतीला लागली. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत यावा अशी तिची इच्छा होती. तो तसा आला नाही.

"मॅडम, ते लिहू नका," ती म्हणाली. "छगनभाऊंनी मला तसं काही सांगितलं नाही. आम्ही एकदाच गेलो होतो, आणि तेही पुलापर्यंत. मी वस्तीवर गेलेच नाही. कोणाला विचारलं नाही. तीस तारखेला मी धुळ्यात माझ्या माहेरी होते, आणि ही सदतीस नावं मी तिथं बसून काढली."